पक्षी उडतो कशाच्या बळावर?



आपल्या रामायणांत जटायूचा वडील भाऊ संपाति ह्याची कथा आहे. दोघे भाऊ सूर्याच्या दिशेनें झेपावले. धाकट्यास तो ताप सोसवेना, तेव्हां थोरल्यानें त्याच्यावर आपल्या पंखांची सावली धरली. पंख जळाले आणि संपाति विंध्य पर्वतावर कोसळला. ग्रीक लोकांच्या पुराणांतहि इकारस नांवाच्या मुलाची अशीच कथा आहे. बापानें मेणानें जोडून दिलेले पंख सूर्याच्या तापानें निखळले व मुलगा समुद्रांत पडला. ह्या दोन कथा एकमेकींपासून कितीतरी दूर जन्मल्या, परंतु दोहोंच्या मुळाशीं एकच समजूत आहे. पंख आहेत तोंवर उड्डाण, पंख गेले कीं पतन, ही ती समजूत.

ती खोटी नाहीं, पण फार अपुरी आहे. शाळेंत सृष्टिज्ञानाचा तास घेतांना 'पक्षी कां उडतो?' असें विचारलें, कीं सारा वर्ग एका सुरांत 'त्याला पंख असतात म्हणून' असें उत्तर देई. त्यावर 'मग शहामृग कां उडत नाहीं?' असा दुसरा प्रश्न केला, कीं वर्ग स्तब्ध होई. शहामृगाला पंख आहेत, पिसें आहेत, पण जमीन त्याला सोडीत नाहीं. उलट वटवाघळाच्या अंगावर एकहि पीस नाहीं, आणि तें रात्रभर उडत असतें. तेव्हां उडण्याचें मर्म केवळ पंखांत नाहीं, हें उघड आहे. मग तें कोठें आहे?

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं. त्या शोधाचा इतिहास आज मी आपणांस थोडक्यांत सांगणार आहें. त्या इतिहासाचा ओघ मोठा मनोरंजक आहे. माणूस प्रथम पंखाकडे पाहत राहिला. मग पंखाच्या आंतल्या हाडाकडे वळला. हाडावरून स्नायूकडे आणि शेवटीं श्वासाकडे गेला. आणि जेव्हां आपणांस सर्व उलगडलें असें त्याला वाटलें, तेव्हां भूगर्भांतील खडकांनीं त्याच्या एका आवडत्या समजुतीला जबर धक्का दिला.

पक्ष्यांच्या शरीराचा पद्धतशीर विचार करणारा पहिला थोर पुरुष म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ आरिस्टॉटल. त्याचा काळ ख्रिस्तपूर्व ३८४ ते ३२२ हा होय. पक्ष्याची शेपटी म्हणजे नावेचें सुकाणूं, हें त्यानें ओळखलें होतें. पक्ष्याचा ऊर पुढें धारदार असतो, हेंहि त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं; परंतु ती धार हवा कापण्यासाठीं आहे, गलबताची नाळ जशी पाणी कापते तशी, असा अर्थ त्यानें लावला. अवलोकन अचूक, अर्थ मात्र निराळा. त्या धारदार हाडाचें खरें काम काय, हें पुढें येईलच.

आरिस्टॉटलच्या शब्दाला युरोपांत पुढें वेदवाक्याचा मान मिळाला. त्या मानाला ज्यानें उघडपणें हरकत घेतली, तो कोणी पंडित नव्हता; तो एक सम्राट होता. ११९४ सालीं जन्मलेला व १२५० सालीं वारलेला सम्राट दुसरा फ्रेडरिक हा ससाण्यांकडून शिकार करण्याच्या विद्येचा मोठा जाणता होता. त्या विद्येवर त्यानें एक विस्तृत ग्रंथ लिहिला आणि त्यांत पक्ष्यांचीं हाडें, पिसें व उडण्याच्या तऱ्हा ह्यांचें बारकाईनें वर्णन केलें. आरिस्टॉटलनें ससाण्यांची शिकार स्वतः फारशी केलेली दिसत नाहीं, म्हणून त्याचें म्हणणें डोळे मिटून मान्य करतां येत नाहीं, असें त्यानें प्रस्तावनेंत स्पष्ट बजाविलें. ज्यानें पक्षी हातावर बसवून पाहिला, त्याचा शब्द अधिक प्रमाण, हा विचार त्या काळीं धाडसाचा होता.

पुस्तकें न चाळतां थेट उडी घेणारे साहसी लोकहि होतेच. इंग्लंडांतील माम्सबरी येथील मठांत इ. स. १००० च्या सुमारास आयल्मर नांवाचा एक तरुण साधु होता. त्यानें हातांपायांस पंख बांधून मनोऱ्यावरून झेप घेतली. कांहीं अंतर तो हवेंतून तरंगत गेला, मग वाऱ्याच्या झोतानें डगमगला, खालीं पडला आणि दोन्ही पाय मोडून जन्माचा अधू झाला. पुढें तो म्हणत असे, कीं आपण शेपटी लावण्यास विसरलों, म्हणून पडलों. हा दोष त्यानें पुष्कळसा बरोबर ओळखला होता. पंखांनीं शरीर उचललें जाईल, पण तोल कोण सांभाळणार? पंखापलीकडेहि कांहीं लागतें, ही जाणीव त्याला दोन पायांची किंमत देऊन झाली.

आतां सोळाव्या शतकांत येऊं. इटलीचा लिओनार्दो दा व्हिंची चित्रकार म्हणून आपणांस ठाऊक आहे. सुमारें १५०५ सालीं त्यानें पक्ष्यांच्या उड्डाणावर एक छोटी वही लिहिली. ती आज तुरीन येथील राजग्रंथालयांत आहे. पक्षी वाऱ्याचा उपयोग कसा करून घेतो, वळतांना पंख व शेपटी कशी फिरवितो, त्याच्या देहाचा भार कोणत्या बिंदूवर तोलला जातो, ह्यांचीं टिपणें व रेखाचित्रें तींत आहेत. दुर्दैव असें, कीं ही वही छापून प्रसिद्ध होण्यास १८९३ साल उजाडावें लागलें. जवळजवळ चारशें वर्षें तें ज्ञान कागदांत निजून राहिलें, आणि मधल्या पिढ्यांना तें सर्व पुन्हां पहिल्यापासून शोधावें लागलें.

लिओनार्दोच्या वहीनंतर पन्नास वर्षांनीं, १५५५ सालीं, पियेर बेलाँ ह्या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाचा पक्ष्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत दोन सांगाड्यांचीं चित्रें समोरासमोर छापलीं आहेत. एक सांगाडा माणसाचा, दुसरा पक्ष्याचा. दोहोंतील जुळणाऱ्या हाडांना त्यानें सारखींच अक्षरें दिलीं. तें चित्र पाहतांच लक्षांत येतें, कीं पक्ष्याचा पंख हा कांहीं निराळा अवयव नाहीं. तो हातच आहे. आपल्या दंडांत जसें एक हाड आणि कोपरापुढें दोन हाडें, तशींच पक्ष्यालाहि आहेत. फरक पडतो तो मनगटापुढें. आपलीं मनगटाचीं व तळहाताचीं अनेक सुटीं हाडें पक्ष्याच्या ठायीं एकमेकांस जुळून एक ताठ दांडा झालेला आहे, आणि बोटें तीनच उरलीं आहेत. ह्या हाताच्या पंजावर जीं लांब पिसें रोवलेलीं असतात, तीं मुख्यतः पक्ष्याला पुढें रेटतात. कोपरापुढच्या भागावरील पिसें त्याला मुख्यतः वर उचलून धरतात. एकाच हाताच्या दोन भागांत अशी कामाची वांटणी आहे.

पिसाचें रहस्य सतराव्या शतकांत सूक्ष्मदर्शक यंत्रानें उलगडलें. रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें १६६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत पिसाचें मोठें करून काढलेलें चित्र दिलें आहे. मधल्या देंठापासून दोन्ही बाजूंस तंतु निघतात, त्या तंतूंना आणखी बारीक तंतु फुटतात, आणि ह्या बारीक तंतूंना आंकडे असून ते शेजारच्या तंतूंत अडकतात. म्हणून पीस फाटलें, तरी पक्षी तें चोंचीतून ओढतांच तें पूर्ववत् सांधतें. अंगणांत पडलेलें कावळ्याचें पीस उचलून बोटांनीं विस्कटून पाहावें आणि पुन्हां चिमटींतून देंठाकडून कडेकडे ओढून सरळ करावें, म्हणजे हूकला काय दिसलें असेल, ह्याची खूण कोणासहि पटेल.

येथवर पंख, हाडें व पिसें हीं समजलीं. मग माणसानें तसेच पंख बनवून हातांना बांधले, तर अडचण कोणती? ह्या प्रश्नाचें रोखठोक उत्तर जोव्हानी बोरेल्ली ह्या इटालियन गणितज्ञानें दिलें. प्राण्यांच्या हालचालींवरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० सालीं छापला गेला. त्यानें पंखापेक्षां पंख हलविणाऱ्या स्नायूंकडे लक्ष दिलें आणि तराजू हातीं घेतला. त्याच्या हिशेबाप्रमाणें पक्ष्याचे पंख हलविणारे स्नायु त्याच्या सर्व देहाच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाएवढे भरतात. माणसाच्या छातीचे स्नायु त्याच्या वजनाचा शंभरावा हिस्साहि भरत नाहींत. म्हणून केवळ स्वतःच्या बाहुबळावर पंख फडफडवून माणसानें उडणें अशक्य आहे, असा निर्वाळा त्यानें दिला.

आरिस्टॉटलनें पाहिलेल्या त्या धारदार हाडाचें काम येथें स्पष्ट होतें. पक्ष्याच्या उरावर नावेच्या तळासारखा जो हाडाचा उभा पडदा असतो, त्याचा हवा कापण्याशीं संबंध नाहीं. त्याच्या दोन्ही बाजूंस हे बलाढ्य स्नायु चिकटलेले असतात. शहामृगाच्या उरावर असा पडदा नसतो. तेथें स्नायूंना धरून राहण्यास जागाच नाहीं. आणखी एक चमत्कार पाहा. पंख खालीं मारणारा स्नायु छातीवर असावा, हें ठीक. पण पंख वर उचलणारा मुख्य स्नायूहि पाठीवर नसून छातीवरच, पहिल्याच्या खालीं, दडलेला असतो. त्याची दोरी खांद्याजवळच्या एका छिद्रांतून वर जाऊन दंडाच्या हाडास बांधलेली असते. विहिरीच्या कप्पीवरून जसा दोर खालीं ओढला कीं पोहरा वर येतो, तसा हा स्नायु खालून आंवळला कीं पंख वर उचलला जातो. ह्या युक्तीमुळें देहाचा जड भाग पंखांच्या पातळीखालीं राहतो आणि पक्षी उलटापालटा होत नाहीं. दांतांऐवजीं हलकी चोंच, आणि अन्न दळण्याचें जातें शरीराच्या मध्यभागीं, ही व्यवस्थाहि तोल सांभाळण्यास उपयोगी पडते.

हाडांचा विषय अजून पुरा झाला नव्हता. लंडनचा प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर ह्यानें १७७४ सालीं पक्ष्यांच्या देहांतील हवेच्या पिशव्यांविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. कित्येक पक्ष्यांच्या हाडांत मगज नसून हवा असते आणि ही हवा फुप्फुसांशीं जोडलेली असते, हें त्यानें प्रयोगानें दाखविलें. त्यानें एका पक्ष्याच्या दंडाचें हाड कापून श्वासनलिका बांधून टाकली. तरीहि कापलेल्या हाडाच्या तोंडांतून हवा ये-जा करीत राहिली. जवळजवळ त्याच सुमारास हॉलंडांतील पीटर कॅम्पर ह्यानेंहि हाडांतील हवा स्वतंत्रपणें शोधून काढली होती.

ह्यावरून पक्ष्याचा सांगाडा फार हलका असतो, असें सर्वत्र शिकविलें जाऊं लागलें. फ्रिगेट नांवाच्या समुद्रपक्ष्याच्या पंखांचा विस्तार सात फूट भरतो, पण त्याचा सांगाडा त्याच्या पिसांहून हलका असतो, हें उदाहरण प्रसिद्धच आहे. परंतु अलीकडच्या शास्त्रज्ञांनीं तराजू पुन्हां हातीं घेतला, तेव्हां निराळीच गोष्ट आढळली. एकंदर देहाच्या मानानें पक्ष्याचा सांगाडा सस्तन प्राण्यांच्या सांगाड्याहून फारसा हलका नसतो. हाडें आंतून पोकळ असलीं, तरी त्यांचें द्रव्य अधिक घट्ट असतें. पोकळ नळी भरीव कांबीपेक्षां कमी द्रव्यांत अधिक ताठ राहते, हें वेळूकडे पाहिल्यास सहज समजतें. पक्ष्याला हलकेपणाइतकीच ताठपणाची गरज आहे. म्हणूनच त्याच्या कंबरेचे मणके एकमेकांस जुळून गेलेले असतात.

अठराव्या शतकाच्या शेवटीं हें सर्व ज्ञान यंत्रांच्या कामीं येऊं लागलें. इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्याचा जमीनदार सर जॉर्ज केली ह्यानें १७९९ सालीं चांदीच्या एका चकतीवर उडत्या यंत्राची आकृति कोरली. पक्ष्याचा पंख दोन कामें एकदम करतो, एक उचलून धरण्याचें व दुसरें पुढें रेटण्याचें. हीं दोन कामें यंत्रांत निरनिराळ्या भागांकडे सोंपवावीं, हा त्याचा विचार. आपल्याकडची घार पाहा. पंख न हलवितां ती आकाशांत कितीतरी वेळ घिरट्या घालते. तिचे पसरलेले पंख त्या वेळीं फक्त उचलून धरण्याचें काम करीत असतात. केलीनें हा धडा घेतला आणि फडफडणाऱ्या पंखांचा नाद सोडला. आजच्या विमानाचे स्थिर पंख हे त्या विचाराचेंच फळ होय.

पुढें १८८२ सालीं एत्येन मारे ह्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला. तो एका सेकंदांत बारा चित्रें घेई. आजवर डोळ्यांना न दिसलेली पंखाची गति ह्या चित्रांत प्रथमच टप्प्याटप्प्यानें दिसली. पंख नुसता खालींवर होत नाहीं; खालीं येतांना तो पुढेंहि जातो, आणि वर जातांना दुमडून मागें घेतला जातो.

ह्या इतिहासांतील सर्वांत उदात्त आणि करुण प्रकरण जर्मन यंत्रज्ञ ऑटो लिलिएंटाल ह्याचें आहे. त्याचा जन्म १८४८ चा. इसापाच्या गोष्टींत कोल्ह्याच्या घरीं जेवावयास गेलेला जो करकोचा, त्या जातीच्या पक्ष्यांचें त्यानें व त्याचा भाऊ गुस्ताव्ह ह्यानें वर्षानुवर्षें अवलोकन केलें. पक्ष्याचा पंख सपाट फळीसारखा नसून वरच्या बाजूस किंचित् फुगीर असतो, आणि उचलून धरण्याची शक्ति ह्या बांकदारपणांतून मिळते, हें त्यानें मोजमापांनीं सिद्ध केलें. पक्ष्यांचें उड्डाण हा उड्डाणविद्येचा पाया आहे, हें प्रतिपादन करणारा त्याचा ग्रंथ १८८९ सालीं निघाला. १८९१ पासून तो स्वतः बनविलेले पंख घेऊन टेकड्यांवरून झेपा घेऊं लागला. पांच वर्षांत त्यानें सुमारें दोन हजार झेपा घेतल्या. ९ ऑगस्ट १८९६ रोजीं वाऱ्याच्या झोतांत त्याचें यंत्र अडखळलें व तो खालीं कोसळला. पाठीचा कणा दुखावला होता. दुसऱ्या दिवशीं बर्लिन येथें त्याचा अंत झाला.

लिलिएंटालला पंखाचा आकार समजला होता. तोल सांभाळण्याची पक्ष्याची रीत मात्र त्याच्या हातीं आली नव्हती. तो पंखांखालीं लोंबकळत असे आणि पाय व कंबर इकडे तिकडे झुलवून तोल साधीत असे. त्याच्या मृत्यूची वार्ता अमेरिकेंत विल्बर व ऑर्व्हिल राइट ह्या सायकलींचा व्यवसाय करणाऱ्या बंधूंनीं वाचली आणि त्यांचें लक्ष ह्या विषयाकडे वेधलें. आकाशांत घिरट्या घालणाऱ्या मोठ्या पक्ष्यांकडे पाहतां पाहतां विल्बरच्या ध्यानीं आलें, कीं पक्षी एका बाजूस कलला, तर देह न झुलवितां पंखांचीं टोकें पीळ दिल्यासारखीं उलटसुलट फिरवितो आणि तोल सांवरतो. राइट बंधूंनीं आपल्या यंत्राच्या पंखांना दोऱ्यांनीं तसा पीळ देण्याची सोय केली. लिलिएंटालचे आंकडेहि त्यांनीं स्वतःच्या प्रयोगांनीं पारखून घेतले. १७ डिसेंबर १९०३ रोजीं त्यांचें यंत्र हवेंत चढलें. पहिलें उड्डाण अवघें १२ सेकंदांचें व १२० फुटांचें होतें. छातीच्या स्नायूंची उणीव त्यांनीं पेट्रोलच्या इंजिनानें भरून काढली.

मग बोरेल्लीचा निर्वाळा खोटा ठरला काय? तसें नाहीं. २३ ऑगस्ट १९७७ रोजीं कॅलिफोर्नियांत ब्रायन ॲलन ह्या सायकलपटूनें इंजिनावांचून, केवळ स्वतःच्या अंगबळावर, एक विमान चालविलें. आणि १२ जून १९७९ रोजीं त्यानेंच तशा दुसऱ्या विमानांतून इंग्लिश खाडी ओलांडली. परंतु त्या यंत्रांचे पंख सुमारें ९६ फूट लांब होते, आणि तीं चाललीं पायांनीं फिरविलेल्या पात्यांवर. माणसाचें खरें बळ मांड्यांत आहे, छातींत नाहीं. बोरेल्लीचा हिशेब छातीचा होता आणि तो आजहि तसाच उभा आहे.

येथवर आलेला विद्वान साहजिकच म्हणेल, कीं पक्ष्याचा देह पाहा, त्याचें पीस न् पीस, हाड न् हाड उडण्यासाठीं घडविलेलें आहे. ही समजूत फार गोड आहे. तिला धक्का दिला तो बव्हेरियांतील झोल्नहोफेन येथल्या चुनखडीच्या खाणींनीं. तेथें १८६१ सालीं एका पिसाचा ठसा उमटलेला दगड प्रसिद्धीस आला आणि त्याच वर्षीं पिसांसह एक सांगाडाहि सांपडला. पुढल्या वर्षीं ब्रिटिश म्यूझियमनें तो विकत घेतला. आर्किऑप्टेरिक्स हें त्याचें नांव. वय सुमारें पंधरा कोटि वर्षें. त्या प्राण्याला पक्ष्यासारखीं पिसें होतीं, पण सरपटणाऱ्या प्राण्यांसारखे दांत, पंखाला नख्या आणि लांब हाडांची शेपटीहि होती. थॉमस हक्स्ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें ह्यावरून पक्ष्यांचें नातें डायनोसॉर नांवाच्या प्राचीन प्राण्यांशीं जोडलें.

पण १९२६ सालीं गेरहार्ड हाइलमान ह्या डॅनिश लेखकाच्या ग्रंथानें हें नातें तोडून टाकलें. पक्ष्याच्या गळ्याखालीं दोन हांसळ्या जुळून झालेलें इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचें हाड असतें. डायनोसॉरांत हांसळ्याच आढळत नाहींत, तेव्हां त्यांच्यापासून पक्षी कसे उपजतील, असा त्याचा आक्षेप होता. आश्चर्य असें, कीं तसें हाड असलेला मंगोलियांतील एक डायनोसॉर १९२४ सालींच वर्णन होऊन प्रसिद्ध झाला होता. त्यांतील त्या हाडाला भलतेंच नांव दिलें गेलें होतें, एवढेंच. डोळ्यांपुढें असलेली वस्तु नांव चुकल्यामुळें कित्येक दशकें कोणाला दिसली नाहीं. पुढें १९६९ सालीं जॉन ऑस्ट्रम ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें चपळ, दोन पायांवर धांवणाऱ्या एका डायनोसॉराचें वर्णन केलें आणि जुनें नातें पुन्हां विचारांत आलें. १९९६ सालीं चीनच्या लियाओनिंग प्रांतांतून पिसांसारखी लव असलेला एक लहान डायनोसॉर उजेडांत आला. तो कधींच उडत नव्हता. त्यानंतर अशा प्राण्यांची रांगच लागली.

ह्याचा अर्थ काय? पिसें उड्डाणाच्या आधीं आलीं. तीं बहुधा ऊब राखण्यास आणि दिखाव्यास उपयोगी पडत असावींत. पोकळ हाडें व गळ्याखालचें जोडलेलें हाड हींहि जमिनीवर धांवणाऱ्या पूर्वजांत होतीं. जुना वाडा उतरविल्यावर त्याच्या सागवानी तुळया नव्या घराला लागतात. घर नवें, तुळया आजोबांच्या वेळच्या. पक्ष्याच्या देहाचें तसेंच आहे. उड्डाण हें नवें घर, पण त्याचें पुष्कळसें लांकूड जुनें आहे. त्या तुळया ह्या घरासाठींच तोडल्या होत्या, असें म्हणणें चुकेल. त्या ह्या घराला शोभत नाहींत, असें म्हणणेंहि तितकेंच चुकेल.

शेवटचें रहस्य श्वासाचें. हंटरनें हवेच्या पिशव्या दाखविल्या, पण त्यांचें काम नीट समजण्यास १९७० च्या आसपासचा काळ यावा लागला. क्नुट श्मिट-नील्सन प्रभृति शास्त्रज्ञांच्या प्रयोगांनीं तें स्पष्ट झालें. आपलें फुप्फुस लोहाराच्या भात्यासारखें आहे. ज्या वाटेनें हवा आंत येते त्याच वाटेनें बाहेर जाते, आणि थोडी शिळी हवा नेहमीं मागें उरते. पक्ष्याचें फुप्फुस जवळजवळ स्थिर असतें. भात्याचें काम पिशव्या करतात. त्या बहुधा नऊ असतात. पहिल्या श्वासाबरोबर ताजी हवा मुख्यतः मागच्या पिशव्यांत जाते, उच्छ्वासाबरोबर फुप्फुसांत शिरते, दुसऱ्या श्वासाबरोबर पुढच्या पिशव्यांत येते आणि दुसऱ्या उच्छ्वासाबरोबर बाहेर पडते. रहाटाच्या गाडग्यांप्रमाणें हवा फुप्फुसांतून एकाच दिशेनें वाहत राहते. पक्षी श्वास घेवो वा सोडो, फुप्फुसाला ताजी हवा मिळतच असते. आणि ही युक्तीहि केवळ पक्ष्यांची नव्हे. मगरीच्या जातीच्या ॲलिगेटर ह्या प्राण्याच्या फुप्फुसांतहि हवा एकाच दिशेनें वाहते, असें २०१० सालीं अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें. म्हणजे येथेंहि तुळई जुनीच निघाली!

ह्या श्वासाचा प्रत्यय देणारे पाहुणे दर हिवाळ्यांत आपल्या महाराष्ट्रांत येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस विदर्भांतील तलावांवर आणि पैठणच्या नाथसागरावर उतरतात. त्यांचीं उन्हाळ्यांतील घरें हिमालयापलीकडे, तिबेट व मंगोलियाच्या पठारांवर आहेत. त्यांच्या अंगावर बसविलेल्या यंत्रांवरून असें दिसून आलें आहे, कीं हिमालय ओलांडतांना ते शक्य तों खिंडींतून जातात, पण प्रसंगीं ७,२९० मीटर उंचीवरूनहि उडतात. त्या उंचीवर नवखा माणूस चार पावलें चालला, तरी धापा टाकूं लागेल. हे हंस तेथें सतत पंख मारीत असतात, आणि पंख मारणें हें प्राण्याच्या कष्टांपैकीं सर्वांत महाग कष्ट आहे.

तेव्हां यंदाच्या हिवाळ्यांत एखाद्या जलाशयाच्या कांठीं ते हंस दिसले, तर मुलांना त्यांचे पंख दाखवावेतच. पण तेवढ्यावर थांबूं नये. पिसांखालीं हात आहे, उराच्या हाडावर पंख वर ओढणारी कप्पीची दोरी आहे, पोकळ हाडांत वेळूचा ताठपणा आहे, आणि सर्व देहभर वाहणारा एक अखंड श्वास आहे, हें त्यांना सांगावें. ह्यांपैकीं एक जरी वजा केलें, तरी तो हंस हिमालयापलीकडेच राहील. आणि ज्या माणसांनीं पाय मोडून घेतले, आयुष्यें मोजमापांत घालविलीं किंवा प्राणहि दिले, त्यांनीं हें ज्ञान कणाकणानें मिळविलें आहे, हेंहि त्यांच्या कानांवर घालावें. त्यांच्या श्रमांमुळेंच 'पक्षी कां उडतो?' ह्या प्रश्नाला आज आपण 'पंख असतात म्हणून' ह्याहून बरें उत्तर देऊं शकतों.